जुनी शिडाची बोट सोलापुरात आणायची, सांभाळायची आणि उजनीवर चालवायची असेल तर

घरी शिडाची बोट आहे म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाणी कुठंय?’ पाणी आहे की. टेंभुर्णीजवळ उजनी आहे, भीमेवरचं धरण, १९८० ला पूर्ण झालेलं, भरलं की ११७ टीएमसी आणि फुगवटा पार भिगवणपर्यंत. पुण्यातली मंडळी खडकवासल्यावर शिडं चालवतात, आपल्याकडं त्याच्या कितीतरी पट पाणी आहे आणि त्यावर शीड क्वचितच दिसतं. नवी बोट परवडत नाही, पण जुनी परवडते, आणि जुनी आणायची म्हटलं की काय काय होतं ते मी स्वतः करून बघितलंय, चुका करून बघितलंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

माझी बोट एंटरप्राइज क्लासची, म्हणजे त्या ठरलेल्या नमुन्याची, प्लायवूडची. जॅक होल्ट नावाच्या इंग्लिश डिझायनरनं १९५६ साली काढलेलं हे डिझाइन, लांबी ४.०४ मीटर म्हणजे सव्वातेरा फूट, रुंदी साधारण १.६ मीटर, नुसत्या हलचं म्हणजे बोटीच्या धडाचं वजन क्लासच्या नियमानं ९४ किलो, दोन माणसं चालवतात, शिडं निळी. आपल्याकडच्या क्लबांत ही बरीच वर्षं चालली त्यामुळं जुनी बघायला मिळते. तुम्हाला लेझर मिळाली, जीपी १४ मिळाली, फायबरची कुठली मिळाली तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडतं.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. जुनी बोट पाण्यावर फार कमी खराब होते. ती खराब होते वाटेत टेम्पोवर आणि नंतर आपल्या अंगणात. त्यामुळं पैसे आणि डोकं दोन्ही तिकडं जास्त लावा.

घेताना

बोट उलटी करून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पाण्यावर झकास तरंगतेय, रंग नवा मारलाय, याला भुलू नका, नवा रंग दिसला की मी तर जास्त सावध होतो. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि त्याच्या मुठीनं सगळ्या हलवर चार-चार बोटांच्या अंतरावर ठोकत जा. चांगला प्लाय टणक वाजतो, कुजलेला ढब्ब वाजतो, माठ घेताना आपण वाजवून घेतो तसंच. आवाज बदलला तिथं मालकाला विचारून टोकदार सुईनं टोचून बघा, सुई सहज आत गेली तर कूज आहे.

कुजण्याच्या जागा ठरलेल्या असतात. सेंटरबोर्ड म्हणजे बोटीखाली पाण्यात सोडायची फळी ज्या खोक्यात वरखाली होते त्या केसचा खालचा जोड, मास्ट म्हणजे शिडाचा खांब जिथं टेकतो ते बूड, ट्रान्समचे म्हणजे मागच्या सपाट फळीचे खालचे दोन कोपरे, श्राउड म्हणजे मास्ट धरणाऱ्या बाजूच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्या बोल्टांच्या आसपास, आणि सगळ्यात जास्त हवेच्या टाक्यांच्या आत. बोट उलटली तरी बुडू नये म्हणून या बंद टाक्या असतात आणि बंद असल्यामुळंच कोणी आत बघत नाही. झाकण उघडा, टॉर्च लावून मोबाईल आत घाला आणि व्हिडिओ काढा. एक गंमतीची वाटेल पण खरी गोष्ट, लाकडाला समुद्राच्या पाण्यापेक्षा साचलेलं पावसाचं पाणी जास्त घातक, कारण कुजवणाऱ्या बुरशीला मीठ सोसत नाही आणि गोड्या पाण्यात ती मजेत वाढते. म्हणून चार पावसाळे उघडी पडलेली बोट रोज समुद्रात जाणाऱ्या बोटीपेक्षा वाईट निघू शकते.

दुसरं, वजन करा. जवळ कुठं भंगारवाल्याचा प्लॅटफॉर्म काटा असेल तर चार जणांनी उचलून सगळं सामान काढलेली बोट त्यावर ठेवा, फिटिंगची बेरीज धरून सुद्धा हिशोबापेक्षा पंधरा-वीस किलो जास्त भरली तर प्लायनं पाणी पिलंय किंवा कोणीतरी आतून रेझिनचे थर थापलेत. दोन्ही तुम्हाला पुढं निस्तरायचंय.

फायबरच्या बोटीत मास्टच्या बुडाशी आणि फिटिंगच्या भोवती चांदणीसारख्या बारीक चिरा असतात का बघा, डेकवर गुडघा टेकवून दाबून बघा, खाली जात असेल किंवा कुरकुर आवाज येत असेल तर आतलं कोअर म्हणजे मधला भराव सुटलाय. अ‍ॅल्युमिनियमच्या मास्टवर स्टीलच्या फिटिंगच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर तिथं मास्ट खाल्ला जातोय, दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की हे होणारच. तारांवरून चिंधी फिरवा, हात फिरवू नका, कारण तुटलेला एक बारीक धागा बोटात गळासारखा घुसतो. चिंधी अडकली तर ती तार बदलायचीच, आणि तार दिसायला चांगली असली तरी वय दहा-पंधरा वर्षं झालं असेल तर मी बदलतोच, मास्ट डोक्यावर पडण्यापेक्षा तार स्वस्त.

शिडाची शिलाई नखानं ओढा. सुटली तर दोरा उन्हानं संपलाय, पण कापड कडक असेल तर शीड वाचतं. कापड अंगठ्यानं दाबल्यावर फाटलं तर त्या शिडाची किंमत शून्य धरून बोला.

ट्रान्सम आणि सेंटरबोर्डची केस दोन्ही कुजलेली असतील तर फुकट मिळाली तरी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. एक कुजलं असेल तर दुरुस्त होतं. आणि स्टॅम्प पेपरवर विक्रीपत्र करून घ्या, त्यात बोटीचा क्लास, शिडावरचा नंबर आणि सामानाची यादी लिहा, फोटो काढून ठेवा. वाटेत कोणी गाडी अडवून हे काय आहे विचारलं तर हाच कागद कामाला येतो.

मुंबईहून सोलापूर, चारशे किलोमीटर

आपल्याकडं कारच्या मागं ट्रेलर लावून बोट न्यायचा प्रकार सोपा नाही, ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, चालवणाऱ्यालाही सवय नसते. सरळ टेम्पो करा. पण टेम्पो सांगायच्या आधी मास्ट मोजा, बोट नाही, मास्ट. बोट सव्वातेरा फुटांची असली तरी मास्ट तिच्यापेक्षा बराच लांब असतो आणि गाडी त्याच्यावर ठरते. लेझरचा मास्ट दोन तुकड्यांत निघतो म्हणून ती लोकं सुखी. बाकीच्यांनी १७ किंवा २० फुटी गाडी बघावी आणि मास्ट तिरका टाकावा. छोट्या पिकअपमध्ये टाकून मागं चार-पाच फूट बाहेर काढायचं आणि लाल फडकं बांधायचं हे करू नका, दंड तर होईलच पण खरी भीती मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याची.

आता बांधणं. इथंच बोटी मोडतात, माझीही इथंच मोडली. ड्रायव्हर चांगला माणूस होता, माल हलू नये म्हणून त्यानं रॅचेट बेल्ट, म्हणजे दांडा हलवून टकटक आवळायचा पट्टा, अंगातली सगळी ताकद लावून आवळला, साखरेची पोती बांधावीत तसा, आणि प्लायची बोट म्हणजे आतून पोकळ, तिचा काठ बेल्टखाली दबत गेला, मी बघत होतो पण बोललो नाही, लोणावळ्याला उतरून बघितलं तर काठाचा जोड हातभर उघडलेला. ती दुरुस्ती दोन महिने चालली. तेव्हापासून बेल्ट मी स्वतः लावतो. हातानं ओढून ताण येईल इतका, मग रॅचेटचे दोन-तीन टक, बास. बोट हलू द्यायची नसते ती खालच्या आधारानं आणि चारी दिशांच्या दोऱ्यांनी, आवळून नाही.

खालचा आधार असा करा. बोट सरळ ठेवणार असाल तर पुढं एक आणि मध्याच्या मागं एक असे दोन लाकडी घोडे, हलच्या आकारात कापलेले, त्यावर जाड फोम. वजन मधल्या कण्यावर आणि आतल्या फ्रेमच्या खाली आलं पाहिजे, दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या प्लायवर आलं तर पहिल्याच खड्ड्यात भोक. उलटी ठेवणार असाल तर काठावर टेकते, त्याखाली स्कूटरचे जुने टायर घाला. मी उलटी आणणं पसंत करतो, पाऊस आला तरी पाणी साचत नाही. बेल्टखाली प्रत्येक ठिकाणी चादर दुमडून घाला, आपल्या घरात जुन्या सोलापुरी चादरींना तोटा नाही आणि इतकं चांगलं पॅडिंग दुसरं मिळत नाही, जाड, घट्ट विणीचं, सरकत नाही. चपटा बेल्ट मोकळ्या हवेत ताणला की वाऱ्यात भर्रर्र असा थरथरत राहतो आणि त्यानं रंग घासून जातो, त्याला मधे अर्धा पीळ द्या, आवाज बंद.

पुढं आणि मागं दोन्हीकडं दोरी हवी. लोकं ब्रेक मारल्यावर पुढं सरकेल एवढाच विचार करतात, पण मुंबईहून येताना खंडाळ्याचा घाट चढायचाय, तिथं बोट मागं सरकते. रडर म्हणजे सुकाणू, सेंटरबोर्ड, बूम म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, हे काढून वेगळे गुंडाळा. मास्टच्या तारा मास्टला इन्सुलेशन टेपनं बांधा, नाहीतर सगळी वाट ठोकत येतात आणि अ‍ॅल्युमिनियमवर खळगे पडतात. टाक्यांची झाकणं आणि पाणी काढायचे बूच उघडे ठेवा, का ते पुढं सांगतो.

रात्री निघा. ऊन नाही, वारा कमी. पहिल्या २० किलोमीटरवर थांबून सगळे बेल्ट बघायचे, कारण पहिल्या वीसात सगळं बसतं आणि ढिलं होतं, मग घाट चढून गेल्यावर, मग पुणं सोडून लोणीला, भिगवणला चहा, टेंभुर्णीला एकदा. गावातले स्पीडब्रेकर ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, भाड्यापेक्षा थोडे जास्त द्या पण हळू यायला लावा. पोचल्यावर उतरवायला चार माणसं लागतात, आमच्या गल्लीत चौघांच्या जागी पंधरा जमली होती, त्यातले एक काका म्हणाले, ‘काय करालाव हे घेऊन, लगीन लागालंय काय बोटीत?’ पण खांदा त्यांनीच पहिला दिला.

सोलापूरचं ऊन आणि आपलं अंगण

मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलेलं लाकूड एकदम आपल्याकडच्या एप्रिलमध्ये आलं तर काय होईल विचार करा. पारा ४२-४३ ला, हवा कोरडी ठण्ण. प्लाय फारसा हलत नाही, पण काठाच्या पट्ट्या, बसायच्या फळ्या, सेंटरबोर्ड, रडर हे भरीव लाकूड आकसतं, तडकतं, वाकतं. म्हणून बोट शक्यतो पावसाळ्याच्या शेवटी आणा, सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे हवा बदल हळू होईल. उन्हाळ्यात आणावीच लागली तर पहिले पंधरा दिवस सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि रोज थोडं थोडं कमी भिजवत जा. सेंटरबोर्ड भिंतीला टेकवून ठेवू नका, महिन्यात धनुष्य होतो, सपाट ठेवा आणि तीन ठिकाणी आधार द्या.

आता त्या बुचांचं. पहिल्या उन्हाळ्यात मी टाक्यांची झाकणं नीट घट्ट लावून ठेवली होती, पाल-झुरळं जाऊ नयेत म्हणून. मे मध्ये एक दिवस दुपारी फट्ट आवाज आला, टाकीचा जोड उघडला होता. हिशोब केला तेव्हा कळलं. सकाळी २५ अंशाला बंद केलेली हवा दुपारी उन्हात ६० अंशापर्यंत तापली तर दाब जवळजवळ १२ टक्के वाढतो. ऐकायला थोडं वाटतं, पण याचा अर्थ दर चौरस फुटावर शंभर किलोहून जास्त जोर आतून बाहेर. सहा मिलिमीटरचा प्लाय आणि जुना गोंद किती दिवस धरणार? तेव्हा नियम एकच, पाण्यावर असताना बूच बंद, बाकी सगळा वेळ उघडं. किड्यांसाठी मच्छरदाणीची जाळी रबरबँडनं लावा. हेच कारण टेम्पोवर उघडी ठेवण्याचं. आणि टाकी गळते का बघताना पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, तोंडानं फुंका किंवा सायकलच्या पंपाचे हलके तीन-चार झटके द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतात.

झाकायला निळी प्लास्टिकची ताडपत्री सगळे घेतात, मीही घेतली होती. ती खालून घाम सोडते, रात्री आत पाणी धरतं, दिवसा उकडतं, म्हणजे बोट वाफवून काढल्यासारखं. कॉटन कॅनव्हास घ्या, शिवून घ्या, बोटीच्या वर मधोमध एक आडवा बांबू टाकून कॅनव्हास घराच्या छपरासारखं उतरतं करा आणि खालून हवा खेळती ठेवा. पत्र्याचं शेड असेल तर सोन्याहून पिवळं, पण पत्रा बोटीपासून निदान चार फूट वर पाहिजे नाहीतर तो स्वतःच तव्यासारखा उष्णता टाकतो. बोटीचं पुढचं टोक वीतभर उंच ठेवा, मागचं बूच उघडं, चुकून पाणी गेलंच तर वाहून जातं.

आणि वाळवी! मुंबईचे बोटवाले याबद्दल कधी सांगत नाहीत कारण त्यांच्या बोटी सिमेंटच्या रॅम्पवर असतात. आपल्या काळ्या मातीत लाकडी घोडा ठेवला की पावसाळ्यानंतर मातीची बारीक नळी वर चढते आणि बाहेरून काही दिसत नाही. आमच्या भागातल्या फॅब्रिकेशनवाल्या अण्णांकडून मी लोखंडी अँगलचे घोडे करून घेतले, प्रत्येक पाय एका जुन्या स्टीलच्या वाटीत आणि वाटीत जळकं इंजिन ऑइल. तरी महिन्यातून एकदा खाली वाकून बघायचंच.

धुण्याचं पण सांगतो. समुद्रातून आलेली बोट गोड्या पाण्यानं धुवायची असं सगळे म्हणतात, पण आपल्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं असतं की धुऊन वाळल्यावर पांढरे डाग राहतात आणि फिटिंगच्या सांध्यात साचतात. नळाचं पाणी किती दिवसांआड येतं ते आपल्याला माहितीच आहे, ते बोटीला घालवत नाही. मी पावसाचं पत्र्यावरून आलेलं पाणी ड्रममध्ये धरतो, पहिला पाऊस सोडून द्यायचा, आणि त्यानं पुली, क्लीट म्हणजे दोरी अडकवायच्या खाचा, बोल्ट धुतो. बाकी हल बोअरनं धुतला आणि ओल्या फडक्यानं पुसून घेतला तरी चालतं.

दुरुस्ती

लाकडासाठी एपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवले की घट्ट होणारा गोंद. फायबरच्या बोटीला पॉलिस्टर रेझिन चालतं, ते आपल्याकडं टाक्या आणि बंपर बनवणाऱ्यांकडं सहज मिळतं, पण जुन्या लाकडावर ते नीट धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत पापुद्रा निघतो. उलट एपॉक्सी जुन्या पॉलिस्टरवरसुद्धा पक्की बसते. पॉलिस्टर वापरताना एक जीवावरची गोष्ट, रेझिन घट्ट करायला लागणारे कोबाल्ट आणि कॅटलिस्ट हे दोन थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटलिस्ट, आणि बाटल्या वेगळ्या कपाटात. कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावा, हातमोजे घाला.

एपॉक्सीला आपली हवा फार गरम. साधारण दर दहा अंशाला काम करायचा वेळ निम्म्यावर येतो, म्हणजे डब्यावर पंचवीस अंशाला ३० मिनिटं लिहिलं असेल तर पस्तीसला पंधरा. मग्ग्यात ढीगभर कालवून ठेवली की ती स्वतःच तापते, धूर येतो, मग्गा वितळतो. स्लो हार्डनर मागा, थोडी थोडी कालवा आणि कालवली की लगेच उथळ ताटलीत पसरा. जोड आणि भरणी पहाटे करा. पण कोऱ्या लाकडावर पहिला हात मारायचा असेल तर संध्याकाळी मारा, ऊन उतरल्यावर. सकाळी मारला तर लाकूड तापत जातं, त्याच्या छिद्रातली हवा फुगून बाहेर येते आणि सगळा पृष्ठभाग फोडाफोडांचा होतो. संध्याकाळी लाकूड गार होतं तशी हवा आकसते आणि एपॉक्सी आत ओढली जाते. हे कळायला माझी एक अख्खी टाकी घासून परत करावी लागली. दुसऱ्या दिवशी वर तेलकट चिकट थर आला असेल तर तो पाणी आणि काथ्यानं धुवा, मग पॉलिश पेपर, उलटं केलं तर तो चिकट थर घासून आत बसतो आणि रंग धरत नाही.

कुजलेलं लाकूड वाचवायचा प्रयत्न करू नका, बाजारात मिळणारं पातळ द्रव ओतून कूज कडक होते असं सांगतात, पण मला ते पटत नाही. कडेचं चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून काढा. नवा प्लाय आयएस ७१० शिक्का बघून घ्या, तो मरीन ग्रेड, आयएस ३०३ वर दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून सांगेल पण तो फर्निचरचा. जोड सरळ टोकाला टोक लावून करायचा नाही, तिरका तासायचा, जाडीच्या आठपट लांब, म्हणजे सहा मिलिमीटरला ४८ मिलिमीटरचा उतार. आपल्या सुतारमामांना हे समजावताना वेळ लागतो पण एकदा समजलं की त्यांच्याइतकी सफाई आपल्याला येत नाही, मी तासायचं काम त्यांनाच देतो आणि चिकटवायचं स्वतः करतो. स्क्रू स्टेनलेसचे, लोखंडी एकही नको, उजनीत ३०४ ग्रेड चालतं, परत समुद्रात नेणार असाल तर ३१६.

वार्निश उन्हापासून वाचवणारे घटक असलेलं घ्या आणि सहा हात तरी मारा, मधे ३२० चा पेपर. वावटळीच्या दिवसात मारू नका. दर दिवाळीला एक हात वाढवला तर मूळापर्यंत खरडायची वेळ कधीच येत नाही.

शिडं आणि दोऱ्या

यात सोलापूरकर नशीबवान आहेत. शिडाची शिलाई झिगझॅग असते आणि आपल्याकडं युनिफॉर्म शिवणारी इतकी कारखानदारी आहे की झिगझॅग मशीन आणि ती चालवणारा हात गल्लीत मिळतो. दोरा मात्र जाड पॉलिस्टरचा, उन्हात टिकणारा, आपण नेऊन द्यायचा, सुती दोरा लावला तर एक सीझन. शीड घडी घालून ठेवू नका, पाईपवर गुंडाळा, माळ्यावर ठेवणार असाल तर उंदराचा बंदोबस्त आधी करा. उन्हात वाळत घालू नका. दोऱ्या पॉलिस्टरच्या घ्या, शेतीच्या दुकानातली पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी उन्हात भुगा होते आणि हातही सोलते.

उजनीवर

दरवेळी सोलापूरहून ८० किलोमीटर बोट नेणं परवडत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मी ती टेंभुर्णीकडच्या आमच्या पाहुण्यांच्या शेडमध्ये ठेवतो आणि उन्हाळ्यात दुरुस्तीला घरी आणतो. पाण्यात उतरवायच्या आधी जलसंपदा विभागाच्या तिथल्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि गावात, मच्छीमारांना भेटून या. मच्छीमारांना भेटणं माझ्या मते जास्त महत्त्वाचं, जाळी कुठं लावलीत ते त्यांनाच माहिती असतं, जाळं तुटलं तर त्यांचा दिवस जातो आणि तुमचं रडर अडकून बोट उलटते.

धरणाची पातळी रोज पेपरात येते, ती टक्केवारी बघायची सवय लावा. ६३ टीएमसीच्या खाली गेलं की आपण मायनस म्हणतो, तेव्हा काठापासून पाणी लांब जातं आणि मधे गाळ, गुडघ्याएवढा दिसतो आणि कमरेएवढा निघतो, त्यात बोट ओढत नेऊ नका. भरलेलं असताना सुद्धा खाली जुनी गावं आहेत हे विसरू नका, पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरलं की वर येतं ते सगळ्यांनी बघितलंय, तशाच भिंती, झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे इतर ठिकाणीही आहेत. काठाजवळ सेंटरबोर्ड अर्धा वर ठेवा आणि त्याला घट्ट क्लीट करू नका, धडकला तर मागं फिरायला मोकळा पाहिजे. ट्रॉलीला स्कूटरची रुंद चाकं लावा, बारीक चाकं गाळात रुततात.

सगळ्यात मोठी भीती विजेची. काठावर उपसा सिंचनाच्या मोटारी, त्यांच्या केबली पाण्यात गेलेल्या, शेतावरून लोंबणाऱ्या तारा, आणि आपल्या हातात वीस फुटांचा अ‍ॅल्युमिनियमचा मास्ट. मास्ट उभा करायच्या आधी वर बघा, मग बोट जिथून ओढत नेणार ती सगळी वाट चालत जाऊन वर बघा. मास्ट उभा असताना तारेखालून जायचं नाही, कितीही उंच वाटली तरी.

हिवाळ्यात वारा हलका, बहुतेक पूर्वेकडून, शिकायला उत्तम. पाणपक्ष्यांचाही तोच काळ, भिगवण-कुंभारगावकडं रोहित पक्षी उथळ पाण्यात उतरलेले असतात, त्या बाजूला शीड नेऊ नका, ते उठतात आणि त्यांचं खाणं बुडतं. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर पाण्यावर जायचंच नाही. वळवाचं वारं पाच मिनिटांत येतं. २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशीच्या मधे प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, ते सगळं आपल्याच पाण्यावर. लाइफ जॅकेट चालवणाऱ्यासकट सगळ्यांना, पोहता येतं त्यालाही, आणि अंगात घालून बकल लावलेलं. पहिल्या दिवशी काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, शांत वाऱ्यात बोट मुद्दाम उलटी करा आणि सेंटरबोर्डवर उभं राहून सरळ करा, दोघांनी दोनदोनदा. टाक्या गळतात की नाही ते पण तेव्हाच कळतं, दहा मिनिटं उलटी ठेवून आत किती पाणी आलं ते मोजा, एका बादलीच्या वर आलं तर परत दुरुस्तीला.

बाहेर काढली की लगेच बूच उघडायचे, पाणी गळू द्यायचं, शिडं सावलीत वाळवायची, सेंटरबोर्डच्या केसमधला चिखल आणि शिंपले काठीनं काढायचे, ते राहिले तर वाळून सिमेंटसारखे बसतात आणि पुढच्या वेळी बोर्ड हलत नाही. बेल्टखाली चादर घालून बोट ट्रॉलीला बांधायची आणि मास्ट आधी खाली, मगच शेडकडं ओढायची.